चांदणीचं वजन: प्रकल्प नोंदी

३० ऑगस्ट

मॅडमनी बायोच्या प्रकल्पाचा विषय आज फायनल करून मागितला. वर्गातल्या निम्म्यांनी नेटवरून काहीतरी उचललंय ते दिसतच होतं. मी पण उचललं असतं पण मला त्यासाठी बसायला वेळच नाही, पाचला उठून शेण काढायचं, आईबरोबर धारा, मग आंघोळ, बस, संध्याकाळी आलं की परत गोठा आणि रात्री केमिस्ट्री, आणि यात बारावी आहे बारावी आहे असं प्रत्येक जण दिवसातून चार वेळा ऐकवणार. म्हणून ठरवलं की जे काम तसंही माझ्या गळ्यात आहे त्याचाच प्रकल्प करायचा. ढवळी गाभण आहे, दिवस भरत आलेत. वासराचं वजन जन्मापासून १० आठवडे मोजायचं. मॅडम म्हणाल्या चालेल, पण नोंदी रोजच्या रोज हव्यात, शेवटच्या रात्री बसून लिहिलेल्या मला ओळखू येतात. बरं.

१ सप्टेंबर

पद्धत लिहायची आहे. वासरू रोज उचलून काट्यावर ठेवता येणार नाही (पहिले काही दिवस येईल, पुढे तेच आपल्याला ओढत नेतं) म्हणून टेपने मोजायचं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०, की किलोमध्ये वजन येतं. सूत्र अंदाजीच आहे, जनावर काही सिलिंडर नाही, पण तेच सूत्र दर वेळी वापरलं तर वाढ कळेल.

टेप आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला, पिवळा कापडी. आई म्हणाली, घे, पण मशीनवर परत आला पाहिजे.

आजीला सांगितलं वजन मोजणार आहे. तर म्हणे, मोजायचं कशाला, बघून कळत नाही का. मी म्हटलं बरं, दर वेळी आधी तू सांग मग मी मोजते. म्हणजे वहीत आता तीन रकाने झाले: तारीख, टेप, आजी.

२ सप्टेंबर

आजची तारीख धरली होती. ढवळीला २३ नोव्हेंबरला भरवली होती, गाईचे साधारण २८३ दिवस, म्हणजे आज. आज काही नाही. कास टम्म भरलीय, सड ताणलेत, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडलेत पण ती निवांत रवंथ करतेय आणि आम्ही सगळे दर तासाला टॉर्च घेऊन बघतोय. फिजिक्सचा एक धडा गोठ्यातच वाचून झाला, हा बोनस.

४ सप्टेंबर

पहाटे ३:२० ला व्याली. कालवड! सगळ्यात आधी पुढचे दोन खूर दिसले, पांढुरके, ओल्या साबणासारखे, मग त्यावर टेकवलेलं नाक, म्हणजे सरळ होती, बाबांना फक्त शेवटी जरा हात लावावा लागला. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदणी, नाव बारक्याने ठेवलं आणि ते लगेच पासही झालं.

नाळेला टिंचर आयोडीन. ४० मिनिटांत उभी, आधी दोनदा नाकावर आपटून. पहिला चीक २ लिटर, उभी राहिल्यावर लगेच, बाटलीने, आणि सकाळी अजून एक लिटर. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत आहे पण इथे नीट लिहिते कारण यातलं का मला आत्ताच कळलं. माणसाच्या बाळाला आईकडून काही अँटिबॉडीज पोटातच मिळतात, गाईची वार त्या जाऊच देत नाही, त्यामुळे वासरू जवळपास रिकाम्या हाताने जन्माला येतं. जे काही मिळायचं ते चिकातून. आणि ते शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासातासाने कमी होत जाते, २४ तासांत दार बंदच. आजीला अँटिबॉडी माहीत नाही पण वार पडायची वाट न बघता पहिला चीक पाजायचाच हा तिचा कायदा आहे, त्यावरून पूर्वी भांडणं झालीत म्हणे शेजाऱ्यांशी.

वार सकाळी ९ ला पडली. मी कॉलेज बुडवलं.

वजन: आजी म्हणाली अर्ध्या पोत्यापेक्षा पाच-सहा किलो जास्त, म्हणजे ३१ लिहिलं. टेप: घेर ७३, लांबी ६०, आलं २९.५. मग बाबा तिला उचलून घरातल्या वजनकाट्यावर उभे राहिले, १०४.५, नुसते बाबा ७३, म्हणजे ३१.५. टेप आणि काट्यात दोन किलोचा फरक. काटा जुना आहे, स्प्रिंगचा, तोच चुकत असणार. टेपचं धरते.

११ सप्टेंबर

घेर ७४, लांबी ६१. ३०.८ किलो. आजी ३२ म्हणाली. आजी दर वेळी जास्तच सांगते असं वहीत लिहिलंय.

सकाळी आणि संध्याकाळी मिळून ३ लिटर दूध, वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. पाजायचं काम माझं. बाटली वर धरून नाही, तिची मान गाईला लुचताना जशी असते तशी राहिली पाहिजे, म्हणजे दूध पहिल्या पोटात न जाता एका खाचेतून थेट चौथ्या पोटात जातं. म्हणजे वासराला चार पोटं असतात पण सध्या वापरात एकच, बाकीची नंतर कधीतरी राहायला येणाऱ्या भाडेकरूंसाठी ठेवल्यासारखी.

१६ सप्टेंबर

हगवण लागली. सकाळी शेपटी पूर्ण माखलेली, पिवळं पातळ पाणी. उद्या मॅथ्सची टेस्ट आहे. नंतर लिहिते.

१७ सप्टेंबर

टेस्ट दिली. कशी दिली विचारू नका.

ताप ३९.८ (वासराचा नॉर्मल ३८.५ ते ३९.५). डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले मानेची कातडी चिमटीत धरून सोड, किती वेळात बसते बघ. लगेच बसायला पाहिजे. आमची तीन सेकंद तशीच उभी राहिली, छोटा तंबू असल्यासारखी, आणि डोळे आत गेलेले. म्हणजे पाणी कमी झालंय. क्षारांची पावडर कोमट पाण्यातून दिवसातून तीनदा, दूध बंद करायचं नाही पण दोन्ही एकत्र नाही, मध्ये दोन तास. संध्याकाळी ते येऊन बघून गेले, एक इंजेक्शन दिलं.

कशामुळे झालं विचारलं तर म्हणाले, भांडी बघा आधी.

मी इथे आधी लिहिलं होतं की बारक्याने परवा मी पाजल्यावर परत पाजलं म्हणून झालं. ते खोडलंय. पाजलं होतं त्याने, खरंय, पण मी आज निपल काढून आत बोट घातलं तर पिवळट बुळबुळीत थर, आणि वास. बाटली रोज गरम पाण्याने धुतेय मी, निपल बाहेरून खळबळून तसंच लावत होते, बस चुकेल म्हणून. तेरा दिवस.

आईने काही बोललं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ सप्टेंबर

मोजायचा दिवस. आजीने मोजायच्या आधीच सांगितलं, उतरलीय, किलोभर तरी. घेर ७३, लांबी ६१, ३०.०. म्हणजे आठवड्यात वाढ शून्य नाही, उणे ०.८.

रात्री ११ ला, २ ला आणि ५ ला पाणी पाजलं. ११ ला मी, २ ला आई, ५ ला परत मी. बारक्या गोठ्यात पोतं टाकून झोपला होता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

२० सप्टेंबर

शेण घट्ट झालंय. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

२५ सप्टेंबर

घेर ७५.५, लांबी ६२, ३२.६. आजी ३४.

मॅडमना आत्तापर्यंतचा आलेख दाखवला. त्या म्हणाल्या तिसरा बिंदू खाली कसा, वाढीचा आलेख आहे ना, रीडिंग चुकलं असेल तर काढून टाक, स्मूथ येईल. मी म्हटलं मॅडम तो बिंदू मी केलाय. त्यांना कळलं नाही, मग निपलची गोष्ट सांगितली तर दोन मिनिटं हसल्या आणि म्हणाल्या हे सगळं लिही मग, तसंच्या तसं.

२६ सप्टेंबर

आज पहिल्यांदा रवंथ करताना बघितली! बावीस दिवसांची. तोंडात काहीच नसताना जबडा आडवा फिरतोय आणि नजर एकदम मोठ्या बाईसारखी. गेले दहा-बारा दिवस खुराक समोर ठेवतोय तर नुसतं नाक घालून शिंकायची, आता मूठ दीड मूठ खाते. हा खुराकच पहिलं पोट तयार करतो, तो आत आंबतो आणि त्यातून जी आम्लं होतात त्यांनी पोटाच्या भिंतीला आतून बारीक बोटांसारखे कोंब फुटतात. नुसत्या दुधावर ठेवलं तर वासरू गुटगुटीत दिसेल पण ते पोट तयारच होणार नाही.

२ ऑक्टोबर

७८, ६३.५, ३५.६ किलो. आजी ३८. डॉक्टर येऊन शिंगांचे कोंब जाळून गेले, आधी भुलीचं इंजेक्शन, तरी मी बाहेर थांबले.

९ ऑक्टोबर

रीडिंग नाही. काढणी चालू आहे, घरात रात्री नऊच्या आत कोणी नाही, माझ्याकडे स्वयंपाक, धारा आणि सहामाही एकाच आठवड्यात. संध्याकाळी पाचला टेप हातात घेतला होता तेवढ्यात ढवळीने बादली लाथाडली.

१६ ऑक्टोबर

८४, ६७, ४३.६.

९ तारखेच्या रकान्यात मी ३९.६ लिहिलं होतं, दोन्हीच्या बरोबर मधलं. तसंच असणार ना साधारण. मग खोडलं. आता ते खोडलेलं जास्तच उठून दिसतंय, पण पान फाडलं तर शेजारचं पण निघतं, राहू दे.

सहामाहीत केमिस्ट्रीला बरे आहेत, मॅथ्सचं घरी सांगितलेलं नाही.

२२ ऑक्टोबर

प्रकल्पाशी संबंध नाही पण इथेच लिहिते, दुसरी वही नाही. आज प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरत होते. वडिलांचा व्यवसाय, शेती. आईचा व्यवसाय, त्यात यादी होती, सवयीने गृहिणीवर बोट गेलं. दहावीला पण तेच भरलेलं. आई तेव्हा मागे बादली घेऊन उभी होती, कोपरापर्यंत हात ओले, म्हणाली झालं का नेटचं, मला लाईट लागेल गोठ्यात. शेती केलं. तिला दाखवलं तर म्हणे, असं चालतं का? मी म्हटलं न चालायला काय झालं.

३० ऑक्टोबर

मोठा दिवस. ९० आणि ७१, ५३.१ किलो. आजी ५६ म्हणाली आणि मी म्हटलं आजी तू दर वेळी तीन जास्त सांगतेस, तर ती चिडली, म्हणाली तुझी दोरीच खोटी आहे.

शेजाऱ्यांकडे धान्याचा मोठा काटा आहे, प्लॅटफॉर्मवाला, नुकताच तपासून शिक्का मारून आणलेला. नेली चांदणीला तिथे. तिथे जाऊन ती काट्यावर काही उभी राहीना, शेवटी बाबांनी मिठी मारून उचलली, १३० किलो, वजा बाबा ७३ (ते तेवढेच आहेत, काढणीत पण घटले नाहीत). ५७!

म्हणजे आजीचा एक किलो चुकला, माझे चार.

आता जन्माच्या दिवशीचे ३१.५ आठवले जे मी काट्यावर ढकलून मोकळी झाले होते. दोन वेगळे काटे, एकच तक्रार. घरी येऊन बाबांची लोखंडी टेप काढली आणि आईचा पिवळा टेप तिच्या शेजारी जमिनीवर अंथरला. पिवळ्यावर १०० जिथे आहे तिथे लोखंडीवर १०२. कापड आहे, वर्षानुवर्षं ओढून ओढून सैल झालंय. खुणा लांब लांब गेल्या म्हणून रीडिंग कमी येतं.

दोन टक्केच ना, असं वाटलं आधी. पण सूत्रात घेर दोनदा येतो आणि लांबी एकदा, म्हणजे १.०२ गुणिले १.०२ गुणिले १.०२, म्हणजे १.०६१. दोनाचे सहा टक्के झाले. ५३.१ गुणिले १.०६१ केलं तर ५६.३. आजीचा आकडा ५६.

मी वही घेऊन ओट्यावर बसून राहिले थोडा वेळ.

३१ ऑक्टोबर

सगळं परत केलं. जन्म ३१.३ (आजी ३१, काटा ३१.५), ११ तारीख ३२.७ (आजी ३२), हगवणीच्या दिवशी ३१.८, मग ३४.६ (आजी ३४), ३७.८ (आजी ३८), ४६.३, ५६.३. 'आजी दर वेळी जास्त सांगते' हे वाक्य वहीत आहे, ते नाही खोडलं, समोर बाण काढून टेप कमी सांगतो असं लिहिलं.

आजीला विचारलं तू कशी सांगतेस. म्हणाली, आयुष्यभर पोती उचलली आणि वासरं उचलली, अजून कसं. मग म्हणाली पाठीवरून हात फिरव, कण्याच्या बाजूला जिथे खळगा लागतो तो भरला का बघ, आणि मागून बघ, बाजूने नको बघूस, बाजूने पोट फसवतं. माझा हात धरून तिने फिरवला. हगवणीच्या वेळी तो खळगा एवढा होता, म्हणून तिने बोटाचं एक पेर दाखवलं. ते वहीत कसं लिहायचं मला कळेना, म्हणून हे असं लिहिलंय.

आईला सांगितलं की तुझा टेप खोटा आहे, आत्तापर्यंत शिवलेलं सगळं चुकलं असणार. आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, त्याच टेपने मापायचं, त्याच टेपने कापायचं, मला कुठे फरक पडतोय.

हे मला रात्री अकराला मॅथ्स करताना डोक्यात शिरलं. तिचं बरोबर आहे! आणि माझं पण निम्मं बरोबर निघतंय, कारण मी जर किती किलो असं न विचारता किती पट असं विचारलं तर ५३.१ भागिले २९.५ म्हणजे १.८, आणि ५६.३ भागिले ३१.३ म्हणजे पण १.८. चूक वरखाली दोन्हीकडे सारखीच, कटून जाते. टेप किती ताणलाय हे माहीत नसतं तरी वाढ बरोबरच आली असती. फक्त दुधाचं माप आणि औषधाचा डोस चुकला असता, ते किलोवर असतात.

मॅथ्सच्या पेपरात गुणोत्तरावर याच्यापेक्षा सोपं विचारतात आणि मी तिथे अडकते.

६ नोव्हेंबर

खुराक सलग तीन दिवस एक किलोच्या वर खाल्लाय, म्हणजे दूध तोडायला हरकत नाही. आजपासून संध्याकाळचं बंद. संध्याकाळी सहापासून हंबरतेय, आणि तिचं ऐकून ढवळी पान्हा सोडतेय, आणि मी मधे बसून ऑरगॅनिक करतेय. रिॲक्शन्स मोठ्याने म्हटल्या की चांदणी जरा गप्प होते. निदान कोणीतरी ऐकतंय.

१३ नोव्हेंबर

शेवटचं रीडिंग. पिवळा टेपच वापरला, मधेच बदलला तर सगळा घोळ, दुरुस्ती नंतर केली. ९५ आणि ७५, म्हणजे ६२.४, दुरुस्त करून ६६.२. आजी ६५. जन्माच्या २.१ पट. दूध आज सकाळपासून पूर्ण बंद.

काट्यावर नेली नाही, बाबा म्हणाले आता कंबर जाईल माझी.

१६ नोव्हेंबर

सबमिट केलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न नीट विचारला, की आजीचा रकाना कशाला, ती पद्धत आहे का. मी म्हटलं सर, माझी पद्धत चुकली ते त्या रकान्यामुळे कळलं. ते म्हणाले आजीला किती वर्षांचा अनुभव, मी म्हटलं साठेक असेल, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, काय ते दिसलं नाही. मग खोडलेल्या ३९.६ वर पेन ठेवून म्हणाले हे काय. सांगितलं.

घरी आले तर आजीने पहिल्यांदा विचारलं, माझे किती मार्क? टेप मशीनच्या ड्रॉवरमध्ये परत ठेवला. ढवळीचं दूध आता सगळं कॅनमध्ये जातंय म्हणून धारेला पंधरा मिनिटं जास्त लागतात, अलार्म ४:४५ चा केला. सोमवारी मॅथ्सची टेस्ट.